वसती, बिढार, अवस्थान : मराठी कथनातील नवख्याचा निवास

नोकरी, शिक्षण, लग्न, दुष्काळ यांपैकी कोणत्या तरी कारणाने अनोळखी गावी आलेला माणूस, त्याने धुंडाळलेली खोली, दारात उभे राहून दिलेली उत्तरे आणि त्यानंतर त्या गल्लीत रुळण्याची किंवा न रुळण्याची प्रक्रिया या प्रसंगाला मराठी कथनपर साहित्यात मोठे स्थान आहे. मराठी समीक्षेने मात्र त्याला स्वतंत्र आशयसूत्राचा दर्जा दिलेला दिसत नाही. साठोत्तरी साहित्याची चर्चा करताना या प्रसंगाची वाटणी दोन शीर्षकांखाली झाली. नायक मध्यमवर्गीय किंवा शेतकरी घरातला असेल तर त्याचे अनोळखीपण ‘परात्मता’ आणि ‘महानगरीय जाणीव’ या संज्ञांखाली गेले. तो दलित असेल तर तेच अनोळखीपण ‘वेदना’ आणि ‘विद्रोह’ यांखाली गेले. पहिल्या शीर्षकाला तत्त्वज्ञानाचे पाठबळ मिळाले, दुसऱ्याला सहानुभूती मिळाली. दोन्हीकडे एक साधी गोष्ट निसटली, ती ही की दोन्ही माणसे मुळात राहायला जागा शोधत होती.

प्रस्तुत लेखात या निसटलेल्या गोष्टीकडे वळायचे आहे. त्यासाठी लागणाऱ्या संज्ञा परभाषेतून आणण्याची फारशी गरज नाही. मराठी गद्याच्या आरंभीच त्या तयार आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हे एका फिरत्या माणसाचे चरित्र आहे. लीळेमागून लीळा सरकते ती गावामागून गाव बदलत, आणि प्रत्येक गावी स्वामी कोठे उतरले, कोणत्या देवळात, कोणाच्या ओसरीवर, याची नोंद घेतली जाते. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ने या नोंदींचे एक शास्त्रच केले. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या बाजूला स्वामी बसले, हे ती सांगते आणि मुक्कामाचे प्रकारही वेगळे करते. केवळ बसणे झाले ते ‘आसन’. रात्र काढली ती ‘वसती’. दीर्घकाळ राहणे झाले ते ‘अवस्थान’. आणि जेथे सामान टाकले, माणसे जमली, तात्पुरता संसार मांडला, ते ‘बिढार’. बाराव्या-तेराव्या शतकातील मराठी माणूस घरापासून दूर गेल्यावर किती प्रकारे राहत होता, याचा हा शब्दकोशच म्हणावा लागेल.

या पंथाच्या आचारधर्मात अनोळखीपणालाच मूल्य आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. स्वदेशाचा, स्वगावाचा आणि विशेषतः नात्यागोत्याचा संबंध तोडावा, जेथे कोणी ओळखत नाही तेथे राहावे, हा चक्रधरांचा उपदेश प्रसिद्ध आहे. नवख्या ठिकाणी ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला उत्तर उरू नये, अशी ही साधना होती. सातशे वर्षांनंतरच्या मराठी कथेत त्याच प्रश्नाला उत्तर देता न येणे हे जिवावरचे संकट ठरते. या दोन टोकांमध्ये मराठी समाजाचा एक मोठा इतिहास पडलेला आहे.

१९६३ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि त्याच वर्षी बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला येतो, बागुलांच्या शीर्षककथेचा निवेदक मुंबईहून गुजरातेत सुरतेजवळच्या उधन्याला रेल्वेच्या नोकरीसाठी येतो. दोघे तरुण आहेत, दोघेही सुशिक्षित आहेत, दोघांच्याही ठिकाणी नव्या शहराबद्दल काही अपेक्षा आहेत. पांडुरंगाच्या पुण्यातील एकाकीपणावर आजवर किती लिहिले गेले याची मोजदाद करणे कठीण आहे. अस्तित्ववाद, शून्यता, निरर्थकता या संज्ञांची ओळख मराठीच्या दोन-तीन पिढ्यांना या कादंबरीच्या निमित्तानेच झाली. त्याविषयी तक्रार नाही. ‘कोसला’ ती चर्चा पेलू शकणारी कादंबरी आहे. पण पांडुरंगाला पुण्यात खोली मिळाली ती वसतिगृहात, हे त्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतले जाते. वसतिगृह ही नवख्याला दारातल्या चौकशीपासून वाचवणारी संस्था आहे. वडिलांचा पैसा आणि प्रवेशाचा अर्ज एवढ्यावर तेथे खोली मिळते. खानावळीचा कारभार अंगावर घेऊन पांडुरंग त्या जगात शिरतोही आणि फसतोही. त्याचे परकेपण सुरू होते ते खोलीच्या आत, दार लावून घेतल्यावर.

बागुलांचा निवेदक दाराच्या बाहेरच आहे. कथेच्या आरंभी तो आनंदात आहे, नोकरी मिळालेल्या तरुणाचा तो भरभरून आनंद आहे. जागेची सोय करून देऊ पाहणारा एक सहकारी त्याला जात विचारतो. हा विचारणारा दुष्ट नाही. त्याला खरोखरच मदत करायची आहे आणि मदत करण्यापूर्वी जे विचारायचे असते ते तो विचारतो. निवेदक जातीऐवजी एक भाषणच देतो. मुंबई, नवा देश, नवा माणूस असे भव्य शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतात आणि विचारणारा ओशाळतो. या क्षणाच्या भाषिक रचनेकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. प्रश्न एका शब्दाच्या उत्तराची अपेक्षा करतो. उत्तर मात्र परिच्छेदभर आहे. बागुलांच्या शैलीवर ‘भडक’, ‘आवेशी’ असे शेरे अनेकदा मारले जातात. या जागी तरी तो आवेश लेखकाच्या शैलीचा नसून प्रसंगाच्या गरजेचा आहे. एक शब्द झाकायचा असेल तर त्यावर पुष्कळ शब्द टाकावे लागतात. शिवाय त्या भाषणाचा परिणाम असा होतो की, प्रश्न मागे घेतला जात नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. निवेदकाला मिळते ती स्थानपोथीच्या भाषेत ‘वसती’. रात्र काढण्याएवढी ती जागा आहे, आणि प्रत्येक रात्री तिचे नूतनीकरण करावे लागते. अखेर जात उघड होते, मार पडतो, आणि काशिनाथ सकपाळ त्याला सोडवतो. हा काशिनाथ त्याच कारखान्यात जात न चोरता, सुरी जवळ बाळगून वावरतो. एकाने भाषण केले, दुसऱ्याने शस्त्र बाळगले. त्या गावात रुळण्याचे एवढेच दोन मार्ग कथेत आहेत, आणि बागुल त्यांपैकी एकालाही पुरेसा मानत नाहीत.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, ही जातीची कथा आहे. खोली हे केवळ निमित्त. मला हा आक्षेप मान्य नाही. जात गावातही असते, आणि तेथे ती विचारावी लागत नाही. गावाची रचनाच ती सांगते. कोण कोठे राहतो यावरून तो कोण हे गावात कळते. शहरात हा क्रम उलटतो. कोण आहेस ते सांग, मग कोठे राहायचे ते ठरवू. म्हणजे जातीचे बोलले जाणारे, प्रश्नोत्तराचे रूप हे नव्या वस्तीच्या दारात जन्माला येते. खोली निमित्त असती तर बागुलांना ही कथा गावात लिहिता आली असती. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) याची दुसरी बाजू दिसते. मुंबईतला कावाखाना ही अशी वस्ती आहे की जेथे प्रश्न विचारला जात नाही, कारण तेथे येणाऱ्याचे गाव, नाते आणि जात आधीच माहीत असते. मोठ्या शहरात पाऊल टाकूनही माणूस अनोळखी शहरात गेलेलाच नसतो. त्या सुरक्षिततेची किंमत काय, हे पवारांनी हातचे न राखता लिहिले आहे.

येथे थोडे व्यक्तिगत लिहिणे भाग आहे, कारण ते टाळले तर हा लेख दुसऱ्या कोणाबद्दल आहे असे वाटेल. सोळा-सतरा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक म्हणून उमरग्यात आला तेव्हा त्याला या गावातले कोणीच ओळखत नव्हते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण, एवढीच माहिती. पहिल्याच घरमालकांनी बसायला पाट दिला, पाणी दिले आणि विचारले, ‘‘कुठलं गाव म्हणलाव तुमचं?’’ मग आडनाव. आडनाव चार जातींत आढळणारे निघाले तेव्हा, ‘‘तिकडं पाव्हणे कोण तुमचे?’’ शेवटी खाण्यापिण्याविषयी एक प्रश्न, तोही हसत. चारही प्रश्नांची उत्तरे मी इतक्या सहज दिली की ते प्रश्न होते हेदेखील माझ्या ध्यानात आले नाही. त्याच आठवड्यात, त्याच गल्लीत, माझ्याबरोबरच रुजू झालेला एक सहकारी खोली विचारायला गेला. पाणी त्यालाही मिळाले. मग बहिणीचा मुलगा शिकायला येणार असल्याचे आठवले आणि खोली शिल्लक राहिली नाही. तो पुढे सहा महिने रोज एस. टी.ने ये-जा करीत होता. त्या सत्रात मी बी. ए.च्या वर्गाला ‘कोसला’ शिकवत होतो आणि पांडुरंगाच्या परात्मतेवर, आज आठवले तर संकोच वाटावा इतक्या रंगून, बोलत होतो. सहकाऱ्याने एकदा एवढेच विचारले, की तुमच्या पांडुरंगाला भाडे किती होते?

तो प्रश्न मी बरीच वर्षे विनोद म्हणून सांगत असे. तो विनोद नव्हता, उत्तम समीक्षा होती.

परक्याच्या समाजशास्त्राची पायाभरणी करताना गेओर्ग झिमेलने १९०८ मध्ये जो परका रेखाटला, तो येतो आणि राहतो; निघून जाणाऱ्या भटक्यापेक्षा तो वेगळा आहे, समूहात असून समूहाचा नाही. या वर्णनात एक गृहीत आहे, की त्याला राहू दिले जाते. झिमेलचा परका प्रामुख्याने व्यापारी आहे आणि व्यापाऱ्याची गरज समूहाला असते. बागुलांच्या निवेदकाची गरज रेल्वेला आहे, वस्तीला नाही. झिमेलपेक्षा बाख्तिन येथे अधिक उपयोगी ठरतो. कादंबरीतील काल-अवकाशाच्या रूपांचा विचार करताना त्याने उंबरठ्याचे एक वेगळे काल-अवकाशरूप कल्पिले आहे. संकट, निर्णय, आयुष्याला मिळणारी कलाटणी यांचे ते स्थळ. त्याच्यासमोर दस्तयेव्हस्कीचे जिने आणि दारे आहेत. मराठी कथनातला उंबरठा मात्र एका बाबतीत निराळा आहे. दस्तयेव्हस्कीचा नायक उंबरठ्यावर स्वतःशी झगडतो. मराठी नायकाला उंबरठ्यावर दुसरा कोणी तरी अडवून विचारत असतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) हे ठळकपणे दिसते. ज्याच्या जन्मानेच आडनावाचा प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे, तो लातूरकडच्या गावांत नोकरीनिमित्त राहायला जागा शोधतो, तेव्हा साधी विचारपूसही त्याच्या अस्तित्वालाच हात घालते.

आता चांगदेव पाटलाकडे वळू. ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंतच्या चार कादंबऱ्यांचा हा नायक मुंबईतून निघून गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत फिरतो. मराठीत नव्या गावात जाऊन राहण्याची इतकी सलग नोंद दुसरीकडे नाही. पहिल्या कादंबरीच्या शीर्षकातच नेमाडे यांनी लीळाचरित्रातला शब्द उचलला आहे, आणि तो केवळ जुन्या शब्दाच्या मोहाने उचललेला नाही. चांगदेवाचे राहणे खरोखरच बिढाराचे आहे. मुंबईत त्याला जागेची अडचण आहे. ती पैशाची, गर्दीची, मित्रांच्या लहरीची अडचण आहे. आडनावाची नाही. ‘पाटील’ हे असे आडनाव आहे की जे महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत दुसरा प्रश्न विचारू देत नाही. चांगदेव गाव सोडतो तो सोडता येते म्हणून. त्याला गावांचा वीट येतो, संस्थाचालकांचा, जातीच्या हिशेबाने चालणाऱ्या नेमणुकांचा उबग येतो, आणि तो निघतो. विटण्याचा हक्क असणे ही देखील एक मालमत्ता आहे.

हे नेमाडे यांना ठाऊक नव्हते असे मला म्हणायचे नाही. उलट महाविद्यालयीन जगातल्या जातींचे, कोण कोणाच्या वशिल्याने कोठे लागला याचे इतके बारीक चित्रण या चतुष्टयात आहे की, चांगदेवाची मोकळीक कशावर उभी आहे हे वाचकाला पदोपदी कळत राहते. अडचण आहे ती नेमाडे यांच्या सिद्धान्ताची. ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) संकलित झालेल्या लेखनातून देशीपणाची जी मांडणी पुढे आली आणि नंतरच्या अभ्यासकांनी जिचा ‘देशीवाद’ केला, तिच्यात भूमीशी, स्थलकालाशी असलेल्या नात्याला मध्यवर्ती स्थान आहे. वसाहतकालीन अनुकरणाविरुद्ध या मांडणीने केलेले काम मोलाचे आहे. ते नाकारणारा मी नाही. पण ज्याचे पाय एका भूमीत आहेत त्याच्याविषयी ती जेवढे सांगू शकते, तेवढे दुसऱ्या गावी येऊन पडलेल्या माणसाविषयी सांगू शकत नाही. आणि ज्याच्या स्वतःच्या गावानेच त्याला भूमी दिली नव्हती, त्याच्यासंबंधी तर ती गप्पच होते. देशीयतेत मुळांचा विचार आहे, बिढाराचा नाही. चांगदेवाचा लेखक हा देशीवादाच्या प्रवक्त्याहून अधिक जाणता आहे, असे म्हणावेसे वाटते ते एवढ्यासाठी.

नव्या वस्तीत जाऊन राहण्याचा सर्वांत सार्वत्रिक मराठी अनुभव मात्र यांपैकी कोणाचाच नाही. तो लग्न होऊन आलेल्या बाईचा आहे. आपल्या समाजातील निम्मी माणसे आयुष्यात एकदा तरी अनोळखी गावी, अनोळखी गल्लीत राहायला जातातच. जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा भाग या एका स्थलांतराने व्यापलेला आहे; समीक्षेने त्याला ‘सासर-माहेर’ म्हणून बाजूला ठेवले आणि स्थलांतराच्या चर्चेत कधी घेतले नाही. बाईलाही दारात प्रश्न विचारला जातो: ‘कुणाची सून?’ पण त्याचे उत्तर तिच्या वतीने आधीच दिलेले असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३७) असाधारणपण मला येथे दिसते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ‘कुणाची’ या प्रश्नाचे लक्ष्मीबाईंजवळ असलेले तयार उत्तर नाहीसे झाले. पंढरपूर, नगर, राहुरी अशी गावे बदलत त्या राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी आपण कोण हे त्यांना स्वतः ठरवावे लागले. टिळकांबरोबर पुन्हा राहू लागल्यावर आरंभी त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. म्हणजे घराच्या आतच त्यांनी स्वतःसाठी एक वेगळी आळी आखली. मग ती सीमा एकेक वस्तूने मागे सरकत गेली. पाणी, मग स्वयंपाक, मग माणसे, आणि १९०० मध्ये धर्म. या बदलाचे वर्णन त्या कोठेही गंभीर आवाजात करीत नाहीत. स्वतःच्या सोवळ्याकडे पाहून त्या हसतात, आणि त्या हसण्यामुळे वाचकाला कळते की ही बाई आता येथे रुळली. बागुलांच्या निवेदकाला वस्तीने बदलायला हवे होते. लक्ष्मीबाई स्वतः बदलू शकल्या, कारण सोडण्यासारखे काही त्यांच्याजवळ होते.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’चा (१९७१) उल्लेख येथे सहज करतो, कारण ती आमच्या या टापूच्या बोलीतली कादंबरी. गंगाराम शिंपी कोठेही गेलेला नाही, तो आपल्याच गावात आहे, आणि तरी गाव त्याला उपटून टाकते. हे सगळे सांगते त्याची बायको पारबती. आपल्याच गावात माणूस नवखा होऊ शकतो, याचा तो दाखला आहे.

मराठी समीक्षेच्या मनातील ‘अनोळखी शहर’ म्हणजे बहुधा मुंबई किंवा पुणे. तालुक्याच्या गावाला ती ‘ग्रामीण’ समजते, आणि तालुक्याचे गाव ग्रामीण साहित्यातही बसत नाही. उमरगा हे असे गाव आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. थोडे पुढे गेले की बसवकल्याण आणि आळंद, म्हणजे कर्नाटक. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना कानड आणि तेलंग देशांत जाऊ नका असे सांगितले होते. जेथे ते बजावणे लागू व्हायला सुरुवात होते, नेमक्या त्या काठावर हे गाव वसले आहे. बाजारात एकच माणूस एका गिऱ्हाईकाशी कानडीत, दुसऱ्याशी दखनीत आणि माझ्याशी माझ्या कानाला सोसेल अशा मराठीत बोलतो. ‘कवा आलाव?’ हे रूप माझ्या तोंडी बसायला तीन वर्षे लागली, आणि ते बसले त्या दिवशी किराणावाल्याने उधारीची वही माझ्यासमोर ठेवली. महामार्गाने हैदराबादकडे जाणाऱ्याला हे गाव म्हणजे चहाचा थांबा. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून मुलांच्या शिक्षणासाठी खोली करून राहणाऱ्यांना ते शहर आहे. या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर वर्षाचे काही महिने कारखान्यांच्या फडांवर कोपी घालून राहतात. तेही बिढारच, आणि दरवर्षी नव्याने मांडायचे. अशा गावाला आपल्याकडे नीट साहित्यप्रकार नाही, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

या भागात नव्या वस्तीचा प्रश्न एका पहाटेत सामुदायिक झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरातला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले; हजारो माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून पूर्णपणे हलवून नव्या जागी वसवली गेली. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले, आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यांपैकी एक. येथे माणूस अनोळखी गावात गेला नाही. अख्खे गावच्या गाव ओळखीच्या माणसांसह एका अनोळखी आराखड्यात गेले. रुंद, सरळ रस्ते, रांगेने घरे, आणि घराचे आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्या सात हेक्टरपर्यंतच्यांना ४००, त्याहून अधिक असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. घरे आकारानुसार गटागटाने बांधली गेली की जुनी गल्ली मोडते. भाऊबंद वेगवेगळ्या ओळींत जातात, आणि ज्यांच्याशी कधी पाण्याचाही संबंध नव्हता ते शेजारी येतात. काही ठिकाणी लोकांनी पुन्हा जुनी मांडणी साधली, काही ठिकाणी नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यात एक उलटापालट आहे. येथे दारात कोणीही ‘तू कोणाचा?’ असे विचारले नाही, कारण सगळे सगळ्यांना ओळखत होते. प्रश्न विचारला तो सातबाऱ्याने. तात्पुरत्या निवाऱ्यांच्या ‘बिढारा’नंतर या कुटुंबांना ‘अवस्थान’ मिळाले. तीस वर्षांनंतरही बोलताना लोक ‘नवं गाव’ म्हणतात. भूकंपासंबंधीचे जे मराठी लेखन माझ्या वाचनात आले, ते बहुतांशी त्या पहाटेभोवती फिरते. ढिगारे, प्रेते, मदतीचे ट्रक. त्यानंतर नव्या घराच्या ओसरीवर पहिल्यांदा चूल पेटली तो दिवस कथनाला नाट्यपूर्ण वाटला नसावा. मला तोच अधिक अवघड दिवस वाटतो.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात स्थानपोथी शिकवताना, अशाच एका उठलेल्या गावातल्या विद्यार्थिनीला मी एक स्वाध्याय दिला. घरच्या मोठ्या माणसांना विचारून जुन्या गावाची स्थानपोथी लिहून आण, म्हणालो. कोणाचे दार कोणत्या दिशेला, कोणाची ढेळज कोणाच्या भिंतीला लागून, एवढेच, भावना नको. तिचा जन्म भूकंपानंतरचा. आजीने सांगितलेले तिने चार पाने लिहून आणले. घरातल्या लग्नाच्या पत्रिका आजही त्याच क्रमाने वाटतात, त्यामुळे वाटणाऱ्याला नव्या गावात या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार हेलपाटे पडतात, असे तिने समासात टिपले होते. पोथीच्या शैलीत तिने प्रत्येक घर दिशेने बांधले होते: पूर्वाभिमुख, उत्तराभिमुख, वेशीपासून उजव्या हाताला. गावाबाहेरच्या वस्तीपाशी आल्यावर नोंदी थांबल्या होत्या. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, आजी तिकडे कधी गेलीच नव्हती. आता तिथल्याच एका घरातल्या बाई पलीकडच्या ओळीत राहतात, त्यांना विचारून येते.